‘महाराष्ट्र’ची रुंदी किती?

मजकूर संपादकात मराठी टाइप करताना कर्सर शब्दापासून दूर पळत असेल, तर चूक बहुधा रुंदीच्या मोजमापात असते.

• साठवण : ‘महाराष्ट्र’ म्हणजे युनिकोडची १० चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, एकूण ३०. डोळ्यांना मात्र चारच अक्षरे दिसतात : म, हा, रा, ष्ट्र.

• चूक : चिन्हे सुटी मोजून बेरीज केली, की ष, ट, र यांची पूर्ण रुंदी धरली जाते. फॉन्टने घडवलेले जोडाक्षर त्याहून अरुंद असते. हा फरक ओळभर साचत जातो.

• दुरुस्ती : आधी हार्फबझसारख्या इंजिनाकडून अक्षरजुळणी करून घ्यावी, मग तयार आकृत्यांची रुंदी मोजावी. कर्सर जोडाक्षराच्या मध्ये थांबू देऊ नये.

• मानक : देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत (२०२३) आला.

• चाचणी : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकाखाली एक टाइप करा. पहिल्यातला रफार डोक्यावर बसतो, जागा घेत नाही. दुसऱ्यातला अर्धा ‘र’ ओळीत जागा घेतो. दोन्हींच्या शेवटी कर्सर शब्दाला नेमका चिकटला, तरच दुरुस्ती पक्की.