खेळाडूचे भांडवल

कट्ट्याच्या बाजारातील आपल्या दुकानांचा हिशेब पिढ्यांचा असतो; खेळाडूचा मात्र दहा-पंधरा वर्षांत मिटतो. खडकीच्या धनराज पिल्ले यांचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची निगा राखीत. मोडक्या हॉकीस्टिक दोरीने बांधून मुले खेळ शिकली. पुढे धनराज १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळले. १९९८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. पाठोपाठ त्यांनाच संघातून वगळण्यात आले! ते जिद्दीने परतले. या चढउतारांत आधार होता तो महिंद्र व पुढे इंडियन एअरलाइन्समधील नोकरीचा. म्हणून सुचवावेसे वाटते, घरातील मूल मैदानाकडे वळले तर अडवू नये; मात्र खेळानंतरच्या आयुष्याची तरतूद पहिल्या कमाईपासूनच करावी.