संशोधक विद्यार्थी आणि विद्यापीठीय परिचयपृष्ठ

विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावर संशोधक विद्यार्थ्याचे परिचयपृष्ठ असणे ही वरवर पाहता केवळ प्रशासकीय बाब वाटते. तौलनिक साहित्याभ्यासात मात्र तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. पूर्ण झालेले प्रबंध ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘शोधगंगा’ या संग्रहात पाहता येतात. परंतु पदवीपूर्वीच्या काळात अभ्यासक इतरांच्या दृष्टीस फारसा पडत नाही. एकाच भाषायुग्मावर दोन विद्यापीठांत काम चालू असूनही परस्परांना त्याची वार्ता नसावी, असे त्यामुळे घडू शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने मार्गदर्शकांच्या यादीसोबत विद्यार्थ्याचे नाव, संशोधनविषय व प्रवेशाची तारीख संकेतस्थळावर देण्याचे बंधन संस्थांवर घातले. तथापि एवढी नोंद तौलनिक अभ्यासास पुरेशी नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि सिद्धलिंगय्या यांचे ‘ऊरु-केरी’ या दोन्ही आत्मकथनांचे इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत. त्यांची तुलना करणारा अभ्यासक मूळ मराठी व कन्नड संहिता वाचतो की अनुवादांवर विसंबतो, हे विषयाच्या शीर्षकावरून कळत नाही. अभ्यासपद्धतीचा कळीचा प्रश्न तर हाच असतो. परिचयपृष्ठावर वाचनाच्या भाषांचा स्पष्ट निर्देश असल्यास तो प्रश्न आरंभीच सुटतो.

दुसरी अडचण नामलेखनाची आहे. द. भि. कुलकर्णी आणि व. दि. कुलकर्णी या समीक्षकांची नावे देवनागरीत निःसंदिग्ध आहेत. रोमन लिपीत ‘द’ आणि ‘दि’ यांचे आद्याक्षर एकच होते. ‘भि’ कधी एका, तर कधी दोन अक्षरांनी लिहिला जातो. मराठीत व इंग्रजीत लिहिणाऱ्या नव्या अभ्यासकाचे लेखनही असेच दोन नावांखाली विखुरते. मराठी नियतकालिकांतील लेख आंतरराष्ट्रीय सूचींत क्वचितच आढळत असल्याने मराठी प्रदेशाबाहेरील विद्यार्थ्याचे निम्मे कार्य अज्ञात राहण्याचा धोका असतो. दोन्ही लिप्यांतील नाव व समग्र लेखनसूची एकत्र देणारे अधिकृत पृष्ठ हा दुवा सांधते.

अर्थात, विद्यार्थी संस्था सोडून गेल्यावर हे पृष्ठ टिकेलच असे नाही. म्हणून २०१२ पासून उपलब्ध असलेला ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक त्यावर नोंदवणे इष्ट होय. पृष्ठामुळे संस्थेची साक्ष लाभते, क्रमांकामुळे सातत्य राहते. अभ्यासकाला या दोहोंची गरज असते.