नाव राखले, घाट मोकळाच

इटलीतील फॅशन कंपनी प्राडा आणि महाराष्ट्र व कर्नाटकातील दोन चर्मोद्योग महामंडळे यांच्यात ११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत करार झाला. कोल्हापुरी चपलेच्या घाटाच्या सुमारे दोन हजार जोड्या येथील कारागिरांकडून घडवून घ्यायच्या आणि जगभरच्या चाळीस दुकानांत जोडीमागे सुमारे आठशे युरोंना विकायच्या, असे त्यात ठरले, आणि जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन मंचावर तशाच घाटाच्या चपला मांडल्यावरून पेटलेला वाद मिटला असे बहुतेकांनी मानून टाकले. तथापि अनेक पिढ्यांनी मिळून घडवलेल्या वस्तूचा मालक कायद्याच्या लेखी कोण, या मूळ प्रश्नाला कराराने हातही घातलेला नाही.

समाजमाध्यमांवर तेव्हा ‘चोरी’ हा शब्द सर्रास वापरला गेला. परंतु कोणता कायदा मोडला गेला, याचे उत्तर अडचणीचे आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशामुळे लौकिकास आलेल्या वस्तूचे नाव इतरांना वापरण्यास मज्जाव करणारी नोंदणी, नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे. प्राडाने कोल्हापूरचे नाव कोठेच घेतले नव्हते आणि आपली वस्तू निव्वळ चामडी सँडल म्हणून मांडली होती. त्यामुळे लोकांना जो अपमान वाटला, तोच कायद्याच्या दृष्टीने कंपनीचा बचाव ठरतो. घाटासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे खरा, पण तो केवळ नव्या, पूर्वी प्रसिद्ध न झालेल्या रचनेलाच मालकी देतो, आणि शतकानुशतके बाजारात असलेली चप्पल त्या कसोटीला उतरणे शक्य नाही. कॉपीराइट, म्हणजे निर्मात्याचा प्रतींवरील हक्क, येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याला ओळखता येणारा कर्ता लागतो.

बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, दोन्ही बाजूंचे कान आणि पट्ट्यावर बहुधा घरातील स्त्रियांच्या हातची वेणी, या साऱ्यांत कर्ता म्हणून बोट दाखवावे असा एक माणूस सापडत नाही. याउलट ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तेथील चित्रपटगृहात आज कोणी मोबाइलवर चोरून चित्रीकरण केले, तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्याला किमान तीन महिन्यांची कैद आणि किमान तीन लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. चित्रपटाला निर्माता असतो, त्याच्या हिशेबवहीत तोटा दाखवता येतो. त्याच शहरातील सुभाषनगरच्या चप्पल-कारागिराचा तोटा मात्र कोणत्याच वहीत येत नाही. ज्याची मालकी मोजता येते त्याचीच चोरी कायद्याला दिसते, ही या व्यवस्थेची नैतिक उणीव होय.

याहून अप्रिय गोष्ट अशी की, मानांकनाचा उघड भंग मिलानपेक्षा घरीच अधिक होतो. कृत्रिम चामड्याची, यंत्रावर चिकटवलेली पादत्राणे ऑनलाइन बाजारात ‘कोल्हापुरी’ म्हणूनच खपतात, आणि त्यांच्याविरुद्ध मिलानइतका संताप कधी उसळत नाही. कारागिरांच्या वतीने दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी फेटाळताना दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा, म्हणजे याच दोन महामंडळांचा, असल्याचे म्हटले. ज्यांना दावा लावता आला असता त्यांनी करार केला; व्यवहार म्हणून तो शहाणपणाचा असेलही, पण न्यायनिवाडा राहूनच गेला.

भारतीय मानांकनाची सत्ता इटलीत चालत नाही, हे तेव्हा सांगितले गेले आणि ते खरेच होते. परंतु करारापूर्वी अवघे दहा दिवस, १ डिसेंबर २०२५ पासून, युरोपीय संघात हस्तकला व औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा नवा नियम लागू झाला असून, मायदेशी संरक्षण मिळालेल्या परदेशी वस्तूंनाही त्याखाली अर्ज करता येतो. या घडामोडीची चर्चा येथे जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. याचे महत्त्व फ्रान्सच्या मोर्बिये चीजच्या खटल्यावरून कळते: त्या चीजच्या मधोमध असलेली काळी आडवी रेघ एका प्रतिस्पर्ध्याने मोर्बियेचे नाव न वापरता आपल्या मालावर उठवली होती, आणि नाव घेतले नसले तरी ओळख पटवणाऱ्या रूपाची नक्कल ग्राहकाची दिशाभूल करत असेल तर ती बेकायदा ठरू शकते, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. तो निकाल खाद्यपदार्थांच्या नियमाखालचा होता. पण दिशाभूल करणाऱ्या प्रथेला मनाई करणारे कलम नव्या नियमातही आहे. म्हणजे जो घाट भारतीय कायद्याने मोकळा सोडला, त्याला कुंपण मिळण्याची शक्यता प्राडाच्याच अंगणात निर्माण झाली आहे, आणि तेथे अर्ज करायचा की दोन हजार जोड्यांवर समाधान मानायचे, हे दोन्ही महामंडळांनी ठरवायचे आहे.