नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज

बोर्ली पंचतन ही श्रीवर्धन तालुक्यातली, दिवेआगरजवळची बाजारपेठ. अशा गावाचा निम्मा लेखी व्यवहार झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातून होतो. लग्नपत्रिका, सत्यनारायणाचे आमंत्रण, देवस्थानची पावतीपुस्तके, होमस्टेचे दरपत्रक, सगळे तिथेच जुळते. खाऱ्या हवेने जुना कॉम्प्युटर बसला की नवा लॅपटॉप येतो, त्यात विंडोज ११ असते, आणि पहिली मागणी होते ती ‘यात सेव्हन मारून द्या’, म्हणजे विंडोज ७ घालून द्या, अशी. ही मागणी आळसातून येते असे समजणे अन्यायाचे आहे. मराठी छपाईची एक अख्खी पिढी पेजमेकर आणि श्री-लिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरवर घडली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच पत्रिका उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. वीस वर्षांचे काम असे एका फॉन्टला बांधलेले, तो फॉन्ट सॉफ्टवेअरला आणि सॉफ्टवेअर जुन्या विंडोजला.

अडचण खरी आहे, पण नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज चढवणे हा तिच्यावरचा उपाय नाही. विंडोज ७ आली २००९ मध्ये. तिच्या मूळ डिस्कला यूएसबी ३ ओळखता येत नाही, आजकालच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई डिस्कही दिसत नाही. त्यामुळे इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर माउस हलत नाही, आणि पुढे सरकलेच तर विंडोज टाकायला डिस्कच सापडत नाही. खटपटी करून हे ड्रायव्हर आत घालता येतात. पण इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला पाठिंबाच दिला नाही, आणि बऱ्याच नव्या मशीनमधून जुन्या बायोसची सोयही गेली आहे. चालू झालीच तरी वाय-फाय, आवाज, ग्राफिक्स यांतले काहीतरी लंगडते. मग डीटीपीवाला लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराला बोल लावतो, जे बरोबर नाही. परवान्याचा प्रश्न वेगळाच. मागच्या आवृत्तीवर जाण्याचा हक्क कंपनीकडून आलेल्या ‘प्रो’ विंडोजसोबत मिळतो, ‘होम’सोबत नाही, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा होमच असते.

‘इंटरनेट जोडणारच नाही, मग धोका कसला?’ हा आक्षेप नेहमी येतो. ज्या दुकानात दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याचा पेनड्राइव्ह लागतो आणि आधारच्या प्रती व्हॉट्सअॅपवरून उतरतात, तिथे हे पाळले जात नाही. विंडोज ७ च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या; त्यानंतर पाचच महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. ज्यांनी वादळात मशीन गमावून नवे घेतले त्यांना सेव्हनची आठवण येणे साहजिक होते, पण ज्या विंडोजवर त्यांना परतायचे होते तिच्या मागे तोवर कोणी उभे नव्हते. दुरुस्त्या नसल्या की काय होते ते रायगड जिल्ह्याने त्याआधीच पाहिले आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस जगभर पसरला तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. विंडोजच्या ज्या त्रुटीचा त्याने आधार घेतला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. जिथे दुरुस्त्या येणेच थांबले आहे, तिथे अशी संधीही उरत नाही. शिवाय गुगल क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ सोडली, त्यामुळे बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांवरची कामे त्या मशीनवर हळूहळू अडू लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. युनिकोडमधला मजकूर छापील पानावर देखणा दिसत नाही, असे जुळारी म्हणतात. विंडोजच्या मंगल फॉन्टमधला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानला, तो उगाच नाही. पण आता मराठी वळण देणारे युनिकोड फॉन्ट आहेत, मुक्त वापराचे फॉन्टही आहेत, आणि श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आहे. सौंदर्याचा मुद्दा आता जुन्या विंडोजच्या बाजूने उभा राहत नाही.

राहिला जुना साठा. नव्या लॅपटॉपवर आलेली विंडोज तशीच ठेवावी आणि व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुनी विंडोज तिच्या परवान्यासह, नेटवर्क बंद करून चालवावी. आठ जीबी रॅमवर हे काम निभते. जुन्या सॉफ्टवेअरला किल्लीसारखा लागणारा डोंगल यूएसबीचा असेल तर तिथे जोडता येतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टचा असेल तर मात्र जुने मशीनच तेवढ्यापुरते, नेटशिवाय, जपलेले बरे. एवढ्याने पत्रिका उघडते आणि पीडीएफ बाहेर येते. खरे काम त्यानंतरचे, मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचे. कन्व्हर्टर हे काम पटकन करतात, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. म्हणून ‘निर्णय’सारखे शब्द, आणि ‘दुसऱ्या’, ‘कैऱ्या’ असे ‘ऱ्य’ असलेले शब्दही, डोळ्यांनी तपासावेच लागतात. पावसाळ्यात लग्नसराई थांबते, पर्यटकही कमी होतात. आधी दरवर्षी लागणारे नमुने आणि देवस्थानची पुस्तके घेतली, तर गणपतीच्या आरत्यांची पुस्तिका छापायची वेळ येईपर्यंत निकडीचा भाग उरकलेला असेल.