रुसाफ्याच्या मंडईतील एक सकाळ

स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राला लागून वॅलेन्सिया हे शहर वसलेले आहे. लोकसंख्या सुमारे आठ लाख. या शहरी येणारा प्रवासी बहुधा तेथील मध्यवर्ती मंडई पाहावयास जातो. १९२८ साली खुली झालेली ती मंडई आठ हजार चौरस मीटरांहून अधिक जागेवर पसरलेली असून तिचे घुमट व रंगीत काचा खरोखरच प्रेक्षणीय आहेत. तथापि शेतीच्या कामात जन्म गेलेल्या माणसाने घुमटाकडे किती वेळ पाहावे? ज्या मंडईत आसपासच्या चार गल्ल्यांतील माणसे रोजचा भाजीपाला घेतात, ती मंडई त्याला अधिक काही सांगून जाते. म्हणून नोव्हेंबरअखेरच्या एका गुरुवारी सकाळीच एका दुभाष्या मित्रास बरोबर घेऊन मी रुसाफा या वस्तीतील मंडई गाठली.

रुसाफा हे नाव अरबी असून बागेशी निगडित आहे. १२३८ साली ख्रिस्ती राजाने हे शहर जिंकून घेतले. त्यापूर्वी कित्येक शतके येथे अरबांचे राज्य होते, व शहराबाहेरची ही जागा बागाईत म्हणून प्रसिद्ध होती. १८७७ साली रुसाफा शहरात सामील झाले आणि पुढे हळूहळू मळ्यांच्या जागी घरे उभी राहिली. हल्लीची मंडई १९५७ सालची आहे. इमारत साधी काँक्रीटची. बाहेरून रंगीबेरंगी, आत सरळ रांगांत गाळे. भाजी, फळे, मांस, मासळी, अंडी, खारवलेला मासा, कडधान्ये व ऑलिव्ह यांचे गाळे वेगवेगळे. इमारत नगरपालिकेची असून गाळे व्यापाऱ्यांना ठरावीक मुदतीच्या करारावर दिलेले असतात.

प्रथम लक्षात आली ती तेथील शांतता. गाळ्यापुढे आठदहा गिऱ्हाइके उभी होती, परंतु रांग अशी दिसत नव्हती. नवीन आलेली एक वृद्धा मोठ्याने म्हणाली, "शेवटचे कोण?" एकाने बोट वर केले. झाले! आता या बाईंनी तेवढा एकच माणूस ध्यानात ठेवावयाचा. मग त्यांनी बाकावर बसावे, शेजारच्या गाळ्यावर अंडी घेऊन यावे किंवा कोणाशी बोलत राहावे. त्या माणसाचा सौदा आटोपला की पाळी त्यांची. ना दोरी, ना चिठ्ठी, ना पोलीस. आपल्याकडील खतवाटपाच्या दिवशीची गर्दी आठवून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करणे भाग आहे.

दुसरी गोष्ट अशी की, गिऱ्हाईक मालाला हात लावीत नाही. टोमॅटो दाबून पाहणे, भेंडी मोडून पाहणे हा आपला नित्याचा परिपाठ. तेथे तो असभ्य समजला जातो. माल निवडून देतात त्या गाळेवाल्या बाई. एका गृहस्थाने पर्सिमन नावाची नारिंगी रंगाची फळे मागितली. (आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातील हे फळ. तेथे ते कार्बन डायऑक्साइड वायू भरलेल्या बंद खोलीत ठेवून त्याचा तुरटपणा घालवितात, त्यामुळे ते कडक असतानाच गोड लागते व वाहतुकीत टिकते.) बाईंनी विचारले, "आजसाठी की उद्यासाठी?" गृहस्थ म्हणाले, "दोन आजसाठी, दोन शनिवारसाठी." बाईंनी ढिगातून दोन एका बाजूची व दोन दुसऱ्या बाजूची उचलून दोन निरनिराळ्या पिशव्यांत घातली. शनिवारी ती फळे नासकी निघाली, तर सोमवारी हेच गृहस्थ समोर येऊन उभे राहणार, ही जाणीव त्या निवडीमागे असते. एका दिवसाच्या लबाडीत मिळणारे चार पैसे बाईंना परवडत नाहीत, कारण त्यांचे गिऱ्हाईक रस्त्यावरून जाणारे नाही, गल्लीतले आहे.

या ठिकाणी थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंना अजून असे वाटते की, पाटीच्या वरच्या थरात टपोरा माल मांडून खाली बारीक घातला की व्यवहार साधला. घेणाऱ्या दलालास ही युक्ती ठाऊक असते. तो सरसकट सर्व पाट्यांचा भाव खाली ठरवितो आणि सचोटीने प्रतवारी करणाऱ्याचीही त्यात गत होते.

त्या मंडईत प्रत्येक ढिगावर पाटी आहे. किलोचा भाव, जात, प्रत व मालाचा उगम कोठला हे त्यावर लिहिलेले असते. फळे व भाज्यांचा मूळ देश गिऱ्हाइकास कळविणे हे युरोपीय संघाच्या नियमानेच बंधनकारक आहे. परंतु काही पाट्यांवर खडूने आणखी दोन शब्द लिहिलेले होते. त्यांचा अर्थ 'इथल्या मातीतले'. याच मालाला भाव अधिक, व तरीही तोच आधी संपत होता. कायद्याने सांगितलेले लिहिणे निराळे आणि स्वतःच्या अभिमानाने लिहिणे निराळे.

संत्र्यांच्या ढिगात पुष्कळ फळांना देठासह एकदोन हिरवी पाने ठेवलेली होती. मला वाटले, शोभेसाठी असतील. बाई हसल्या. त्यांनी समजावून सांगितले की, फळ तोडून पुष्कळ दिवस झाले तरी वरून ते टवटवीत दिसते, पान मात्र दोनतीन दिवसांत मलूल होते. फळ खोटे बोलू शकते, पान बोलू शकत नाही. हे फळ स्पेनमध्ये 'नारांखा' या नावाने ओळखले जाते. संस्कृतातील 'नारंग' शब्द फारसी व अरबी मुखांतून फिरत या किनाऱ्यावर पोहोचला. आपली 'नारंगी' त्याच घरची. साखरेचेही तसेच आहे.

आता हा माल येतो कोठून? शहराच्या सभोवार 'होर्ता' नावाचा बागाईत प्रदेश आहे. तेथील तुकडे लहान आहेत. पुष्कळांचा मळा एक हेक्टरही भरत नाही. एवढ्या जमिनीवर कांदा, बटाटा, आटिचोक, फुलकोबी, चपट्या शेंगांचा घेवडा अशी पिके एकामागून एक घेतली जातात. अशा लहान शेतकऱ्याने मोठ्या व्यापाऱ्यासमोर टिकावे कसे? त्याला येथे एक जुना हक्क उपयोगी पडतो. शहराच्या दक्षिणेस मेर्काव्हॅलेन्सिया हा घाऊक बाजार आहे. त्यात एक भाग स्थानिक शेतकऱ्यांकरिता राखून ठेवलेला असून त्यास 'तिरा दे कोंतार' असे म्हणतात. स्वतः पिकविलेला माल शेतकऱ्याने स्वतःच तेथे आणावयाचा, स्वतःच भाव सांगावयाचा व स्वतःच विकावयाचा. मध्ये अडत्या नाही. हा हक्क मध्ययुगापासून चालत आलेला आहे. बाजाराच्या जागा बदलल्या, परंतु दर वेळी शेतकऱ्यांनी नव्या जागेत आपला कोपरा मागून घेतला. आमच्या गाळेवाल्या बाई तेथेच, उजाडण्यापूर्वी, ठरलेल्या तीन शेतकऱ्यांकडून माल उचलतात. दुपारी त्याच शेतकऱ्यांना त्या दूरध्वनीवरून सांगतात की, आज कांद्याची पात कमी पडली, उद्या दोन जुड्या जास्त आण. शेतात काय लावावे याचा सल्ला या मार्गानेही पोहोचतो, हे आम्हां कृषी अधिकाऱ्यांनी नम्रपणे ऐकून घ्यावे.

महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि त्याच सुमारास शहरांतून शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. वाट तीच आहे. फरक इतकाच की, तेथील शेतकरी रोज त्याच जागी उभा असतो व घेणाराही तोच असतो.

एका गाळ्यावर बारीक, सुरकुतलेल्या, तपकिरी गाठी पोत्यात ठेवलेल्या दिसल्या. चव घेतली, थोडी बदामासारखी, थोडी नारळासारखी. याचे नाव 'चुफा'. ग्रामसेवक बंधूंना आश्चर्य वाटेल, पण ही वनस्पती आपल्या लव्हाळ्याची सख्खी बहीण आहे! ज्या लव्हाळ्याच्या गाठी वेचता वेचता आपली कंबर मोडते, त्याच्या बहिणीला शहराच्या उत्तरेस आल्बोराया गावाच्या हलक्या रेताड जमिनीत सरीवरंब्यावर लावतात, पाटाचे पाणी देतात, आणि नोव्हेंबरपासून गाठी काढून, धुऊन, हवेशीर माळ्यावर महिनोन्‌महिने वाळवितात. पुढे त्या भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून त्यांचे 'ओर्चाता' नावाचे दुधासारखे थंड पेय करतात. मात्र हे वाचून कोणी आपल्या बांधावरील लव्हाळा दळावयास घेऊ नये. जात निराळी आहे, आणि चुफाची रानटी भावंडेही अनेक देशांत तणच मानली जातात.

दुपारी बारा वाजण्याच्या आत आम्ही घाईने मोठ्या चर्चकडे गेलो. गुरुवार मी निवडला होता तो यासाठीच. चर्चच्या दाराशी, उघड्यावर, दर गुरुवारी 'पाण्याचे न्यायालय' भरते. होर्तातील आठ पाटांचे शेतकऱ्यांनी निवडलेले आठ प्रतिनिधी काळे अंगरखे घालून अर्धवर्तुळात बसतात. एकेका पाटाचे नाव पुकारले जाते. कोणी पाळी मोडून पाणी घेतले असेल, पाट गलिच्छ ठेवला असेल, तर तक्रार तोंडी, उत्तर तोंडी व निकालही तिथल्या तिथे. ज्या पाटाचा तंटा, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. २००९ साली युनेस्कोने या संस्थेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात गणना केली. त्या दिवशी आठही नावे पुकारली गेली, कोणी पुढे आले नाही, आणि काही मिनिटांतच सभा उठली. पांझरेच्या काठी फडपद्धती पाहिलेल्यांना यात परके काही वाटणार नाही.

मंडईत परतलो तेव्हा गर्दी ओसरली होती. आता बाईंना बोलावयास सवड होती, व त्यांचा सूर बदलला. त्यांनी बोटाने दाखविले, समोरच्या रांगेतील काही गाळ्यांचे पत्रे खाली ओढलेले होते. म्हातारे व्यापारी निवृत्त झाले, मुलांना हे काम नको. तरुण कुटुंबे संध्याकाळी कामावरून सुटतात, तेव्हा मंडई बंद असते व मोठी दुकाने उघडी असतात. होर्ताची जमीनही रस्ते, रेल्वे व इमारतींखाली गेली. १९५७ च्या ऑक्टोबरात तुरिया नदीला महापूर आल्यावर नदीचे नवे पात्र शहराच्या दक्षिणेकडून खणण्यात आले, तेही मळ्यांतूनच. २०१८ साली होर्ताच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदा झाला, २०१९ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने तिच्या पाटांचा कृषिवारसा म्हणून गौरव केला. परंतु २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा महापूर आला. त्या प्रांतात दोनशेंहून अधिक माणसे गेली. नव्या पात्राने शहर वाचविले; पात्राच्या दक्षिणेकडील गावांवर व मळ्यांवर मात्र पाणी व चिखल पसरला. बाईंच्या तीन शेतकऱ्यांपैकी एकाचा मळा त्याच बाजूस होता. त्यानंतर कित्येक आठवडे त्याच्या आटिचोकच्या जागी बाईंनी दुसऱ्या कोणाचा माल मांडला नाही. गिऱ्हाइकांनी विचारले की त्या सांगत, "तो पुन्हा लावतो आहे."

"आणि त्याने लावले?" मी विचारले.

उत्तर म्हणून त्यांनी कोपऱ्यातील टोपली पुढे ओढली. आत लहान, घट्ट, जांभळट छटेचे आटिचोक होते. पाटीवर खडूने तेच दोन शब्द लिहिलेले होते.

दोन वाजून गेले होते. एक माणूस नळी धरून जमीन धुऊ लागला. निघण्यापूर्वी मी चार संत्री मागितली. बाईंनी हात ढिगावर नेला व माझ्याकडे पाहून विचारले, "आजसाठी की उद्यासाठी?" माझी गाडी दुसऱ्या दिवशीची आहे असे मित्राने सांगितले. तेव्हा त्यांनी हातातील दोन फळे परत ठेवून पानांसकट दुसरी दोन उचलली.