सॉफ्टवेअर काढले, पण नोंद राहिली!



लेक लग्न होऊन सासरी जाते, पण माहेरच्या रेशनकार्डावर तिचे नाव तसेच राहते. त्यामुळे रोजचे काही अडत नाही. पण सासरच्या कार्डावर नाव घालायला गेलो, की "आधी तिकडचे कमी करून आणा" असे सांगतात. कॉम्प्युटरचेही तसेच आहे.

विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये रेजिस्ट्री नावाची एक मोठी नोंदवही असते. कोणते सॉफ्टवेअर बसवले, कुठे ठेवले, त्याची सेटिंग काय, हे तिच्यात लिहिलेले असते. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी काही नोंदी मागे राहतात. बहुतेक वेळा त्यांचा त्रास नसतो. त्या काढल्याने कॉम्प्युटर जोरात पळू लागतो, हा गैरसमज आहे. मात्र कधीकधी नवे सॉफ्टवेअर बसत नाही, "आधीच बसवलेले आहे" असा संदेश येतो. तेव्हाच या वहीला हात लावावा.

आमच्या गटाच्या कॉम्प्युटरवर एकाने "सगळे साफ करून देतो" म्हणत सफाईचे फुकट सॉफ्टवेअर चालवले. त्यानंतर हिशोबाचे सॉफ्टवेअर उघडेचना! बँकेची बैठक दोन दिवसांवर होती. कोषाध्यक्ष ताईंनी हाताने लिहिलेली वही ठेवली होती, म्हणून निभावले. अशा सफाईच्या सॉफ्टवेअरचा वापर करू नका, असे विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनीही सांगते.

मग सुरक्षित रीत कोणती?

पहिले काम, गटाचे हिशोब पेनड्राइव्हवर घ्या. ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात का, तेही पाहा.

दुसरे, सॉफ्टवेअर रीतसर काढा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे सॉफ्टवेअरचे नाव, मग अनइन्स्टॉल. नुसता डेस्कटॉपवरचा आयकॉन पुसला म्हणजे सॉफ्टवेअर गेले असे होत नाही. नंतर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. अडचण सुटली तर इथेच थांबा.

तिसरे, रिस्टोअर पॉइंट बनवा. स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हचे संरक्षण बंद असेल तर चालू करा आणि क्रिएट दाबा. पुढे काही बिघडले तर विंडोजला मागच्या स्थितीत नेता येते.

चौथे, विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि आर ही दोन्ही एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही इंग्रजी अक्षरे लिहा आणि एंटर दाबा. नोंदवही उघडेल. डावीकडे एचकी करंट युजर आणि एचकी लोकल मशीन असे दोन कप्पे दिसतील. दोन्हींच्या आत सॉफ्टवेअर नावाचा कप्पा असतो. तिथे काढलेल्या सॉफ्टवेअरचे नाव शोधा.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, पुसण्याआधी प्रत काढा. त्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून एक्स्पोर्ट निवडा, तारीख घालून फाइल जपून ठेवा. मगच डिलीट करा. या वहीत पुसलेले परत आणायचे बटण नाही! चुकलेच तर जपलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केले, की पुसलेली नोंद परत येते.

कप्पा कंपनीच्या नावाचा असेल तर जपून. त्याच कंपनीचे दुसरे सॉफ्टवेअर तुम्ही वापरत असाल, तर आतली फक्त काढलेल्या सॉफ्टवेअरची नोंद पुसा. मायक्रोसॉफ्ट आणि क्लासेस या कप्प्यांना हात लावू नका. ओळख पटली नाही, तर ती नोंद राहू द्या. राहिलेल्या नोंदीने नुकसान होत नाही, चुकीची पुसली तर होते.

आणि हो, "शेकडो चुका सापडल्या, पैसे भरा" असे स्क्रीनवर आले तर घाबरू नका, पैसेही भरू नका. चौकट बंद करा आणि गटातल्या जाणत्या मुलीला दाखवा.

गटाच्या वहीत आपण खाडाखोड करत नाही ना? तोच नियम कॉम्प्युटरच्या वहीलाही लावू या.