ओपिनेलची कडी

फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू घडवला. संग्राहक आजही त्याच्यामागे आहेत. जुना नग हाती आला की आधी मुठीच्या तोंडाशी पाहावं. पातं उघडं रोखून धरणारी फिरती पोलादी कडी १९५५ मध्ये आली. कडी नाही म्हणजे चाकू त्याआधीचा, असं मात्र लगेच धरू नये. २ ते ५ क्रमांकाच्या छोट्या चाकूंना ती आजही नसते. (विक्रेते हे सांगतातच असं नाही!) पात्यावरचा मुकुटधारी हाताचा ठसा १९०९ पासूनचा. मूठ ओलाव्याने फुगून पातं अडकलं, तर तिचं मागचं टोक टेबलावर आपटायचं. पातं बाहेर डोकावतं. कार्बन पोलादावर लिंबाने पडलेले काळपट डाग घासून काढू नयेत, असं माझं मत.